व्हर्लीनच्या तोंडून आत्मा बोलला तो रविवार

व्हर्लीन गॅडसनला पवित्र आत्म्याने चव्वेचाळीस वर्षं ताटकळत ठेवलं होतं. साउथ कॅरोलायनातल्या कपाशीच्या शेतांमधल्या त्या लहानशा लाकडी चर्चमध्ये ज्याच्यात आत्मा उतरतो तो अन्य भाषांत बोलू लागतो. कुणालाच न कळणारे शब्द तोंडून वाहतात आणि मंडळी आनंदाने रडते. मोठी बहीण अर्नेटा बाराव्या वर्षीच तशी बोलली होती. व्हर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं रोज तीनशे पोरांचं रांधायची आणि दर रविवारी गुडघे टेकून वाट पाहायची. उठायची ती कोरडीच.

"आत काहीतरी दडवून ठेवलंयस तू," अर्नेटा म्हणायची. "म्हणून अडतं."

"दडवायला आहे काय माझ्याकडे? रक्तदाबाच्या गोळ्या?"

ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात चर्चचा उपास होता. रिकाम्या पोटी गोळी घेतली की तिला मळमळायचं, म्हणून पाच दिवस तिने एकही घेतली नव्हती.

रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिच्या उजव्या हातातली खंजिरी पडली. उचलायला गेली तर हात हलेना. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा तो मांडीवर पडून राहिला. 'नेटा, माझा हात बघ,' असं तिला म्हणायचं होतं. शब्द डोक्यात लख्ख होते. तोंडातून निघालं ते "लामो शेले, राबा शेले." ते ऐकून ती इतकी घाबरली की जास्तच जोरात बोलू लागली.

अर्नेटाने किंकाळी फोडली, पण आनंदाची. "उतरला! आमच्या व्हर्लीनमध्ये आत्मा उतरला!"

पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून, उपासनेत कोसळणाऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांना त्या चर्चमध्ये नर्स म्हणतात. त्यातल्या एकीनेही नर्सचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. अर्नेटा त्यांची प्रमुख. तिने बहिणीला अलगद जमिनीवर निजवलं, पाय उघडे दिसू नयेत म्हणून जांभळं कापड पांघरलं आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घालू लागली. व्हर्लीनने डाव्या हाताने तिची बाही गच्च धरली.

"सोड गं वेडाबाई, कुठे जात नाहीये मी!" अर्नेटा रडत रडत हसली.

"बोल, सिस्टर, बोल!" पाळक बेलामी व्यासपीठावरून ओरडले. "चव्वेचाळीस वर्षं तुंबलंय ते, वाहू दे!"

व्हर्लीन मदतीसाठी ओरडत राहिली आणि सव्वाशे माणसं टाळ्या वाजवत राहिली.

दोन वाजता तिला दोघांनी धरून मागच्या दालनात जेवायला बसवलं. तिथे ब्रदर क्लीओफस उपास सोडायच्या जेवणासाठी सकाळपासून कोंबडी तळत होता, त्यामुळे त्याने उपासना पाहिलीच नव्हती. ताट वाढता वाढता तो थबकला.

"हिच्या तोंडातून भात का गळतोय?"

"अजून आत्म्यातून बाहेर आली नाही ती," अर्नेटा म्हणाली.

"व्हर्लीन, हसून दाखव बघू."

तोंडाची डावी बाजू तेवढी हसली.

"दोन्ही हात वर कर."

एकच उठला.

"अगं अर्नेटा, माझी बायको अश्शीच गेली! पक्षाघात आहे हा. फोन लावा कुणीतरी!"

"तोंड सांभाळून बोल, क्लीओफस. आशीर्वाद आहे हा. सगळ्यांनी ऐकलाय."

"आशीर्वाद अर्ध्या तोंडाला होतो होय?"

फोन त्यानेच लावला. जवळचं इस्पितळ चार वर्षांपूर्वी बंद झालं होतं, त्यामुळे रुग्णवाहिका शेजारच्या जिल्ह्यातून आली आणि पन्नास मैलांवर गेली. तिथे पोहोचेपर्यंत चार वाजून पाच मिनिटं झाली.

"ह्या शेवटच्या नीट कधी बोलल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अर्नेटा हातमोज्याचं बोट ओढत राहिली. "अकराला," ती अखेर म्हणाली. "अकरा दहापर्यंत नीट होती."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर दिलं तर रक्तस्रावाची भीती जास्त. त्या इस्पितळात दुसरा उपाय नव्हता. व्हर्लीन खाटेवरून सगळं ऐकत होती. तिला सगळं समजत होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहा आठवड्यांनी ती काठी टेकत घरी आली. उजवा हात मुडपलेलाच राहिला. शब्द मात्र एकच परतला होता: नाही. कॉफी हवी का, नाही. उशी नीट आहे का, नाही. हवी असली तरी नाही, नीट असली तरी नाही.

"नाही म्हणायला बरं जमतं गं तुला," अर्नेटा तिचे केस विंचरताना म्हणायची. चर्चला जायचं का, असं मात्र ती कधी विचारत नसे. सरळ कोट चढवायची. तिथे बायका व्हर्लीनचा मुडपलेला हात कपाळाला लावत. ह्याच हातातून देवाने खंजिरी काढून घेतली, असं आपल्या पोरींना सांगत.

बोलायला शिकवणारी डाना मंगळवारी यायची. व्हर्लीनच्या डाव्या हातावर ताल धरून ती वाक्यं गाऊन घ्यायची, कारण बोललेले शब्द जिथे अडत तिथून गायलेले कधी कधी सुटत. उन्हाळ्यात पाळकांचा निरोप आला: ऑक्टोबरात वर्ष पुरं होतं, सिस्टर व्हर्लीनने मंडळीसमोर उभं राहून त्या दिवसाची साक्ष द्यावी. व्हर्लीनने मान डोलावली. मग खाणाखुणा करून आणि डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं गिरवून तिने डानाला एक वाक्य शिकवायला सांगितलं. डानाने ते वाचलं आणि तिचा डावा हात जवळ ओढून त्यावर ताल धरला.

त्या एका वाक्यावर नऊ आठवडे गेले.

रविवारी ती उभी राहिली. डाव्या हाताने बाकावर ताल धरला.

"त्या... दिवशी... मी... मदत... मागत... होते."

सगळे शब्द आले, क्रमाने आले. तिने मान वळवून अर्नेटाकडे पाहिलं. अर्नेटाचा पंखा थांबला होता.

"होय प्रभू!" पाळक गरजले. "मदत मागितली आणि मिळाली! म्हणा आमेन!"

"आमेन!" सव्वाशे तोंडं म्हणाली. ऑर्गन सुरू झाला. पंखा पुन्हा हलू लागला, आधीपेक्षा जोरात. "आमेन," अर्नेटाही म्हणाली, डोळे मिटून.

गाडीत अर्नेटाने तिचा पट्टा लावून दिला. "छान बोललीस," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना समजलं."

"नाही," व्हर्लीन म्हणाली.

पुढच्या रविवारी अर्नेटा कोट घेऊन आली तेव्हा व्हर्लीन डावा हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसली होती. अर्नेटाने बाही उघडून धरली. हात काही बाहेर आला नाही.