दोन्ही बाजूंची भाषणं

शुक्रवारी भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. रविवारी माझा भाऊ दिनेश गेला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणीला नाही. स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण आता ऐकणारं घरात कोणी उरलं नाही. कदाचित म्हणूनच धाडस होतंय. मग याला धाडस तरी कसं म्हणायचं?

आधी मी काय करते ते सांगते. पवनीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वादविवाद स्पर्धेची मुलंही माझ्याकडेच असतात, कारण मला वाचायची सवय आहे आणि शाळेत बाकी कोणाला ते काम नको असतं. दर दोन-तीन वर्षांनी एक विषय हटकून येतो — झाडपाल्याची औषधं बरी की दवाखान्याची. नाव थोडं बदलतं, विषय तोच. अनुकूल आणि प्रतिकूल, दोन्ही बाजूंची भाषणं मीच लिहून देते. झाडपाल्याच्या बाजूनं लिहिताना मी आईचे शब्द वापरायची. दवाखान्याच्या बाजूनं लिहिताना माझे. बक्षीस बहुतेक माझ्या शब्दांना मिळायचं, आणि ते मी घरी येऊन सांगायची.

आई हसायची. म्हणायची, "माह्याच भाषणाले बक्षीस काहून नाही भेटत वो?"

दिनेश माझ्याहून सात वर्षांनी लहान. बस स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा असायचा. तो मला ताई म्हणायचा. मी शिकवायला लागले की मॅडम.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याचे डोळे पिवळे झाले. पवनीतल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासून आणायला सांगितलं, आणि म्हणाले, उलट्या वाढल्या किंवा गुंगी आली तर वाट बघू नका, सरळ भंडाऱ्याला न्या. हे त्यांनी मलाच सांगितलं. शिकलेली म्हणून.

आईला काविळीचं एकच औषध माहीत होतं. वैनगंगेच्या पलीकडे एका गावात एक म्हातारा रविवारी सकाळी दह्यात मुळी उगाळून द्यायचा. पैसे घेत नसे. आईच्या माहेरची निम्मी माणसं त्याच्या हातून बरी झालेली. शनिवारी दुपारी ती मला म्हणाली, उद्या रविवार आहे, घेऊन जाऊ. शेजारच्या काकू तिथेच बसलेल्या होत्या. मी काय करायला हवं होतं? नको म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी भाषण केलं. कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे, इथून सुरुवात केली. तुमच्या त्या म्हाताऱ्याला यकृत पोटात कोणत्या बाजूला असतं ते तरी सांगता येईल का, असं विचारलं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आई उठून आत गेली. मी जिंकले होते.

पण मी घाबरलेलीही होते. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. डोळे पिवळे का होतात याबद्दल मी जितकं वाचत गेले तितकी माझी झोप उडत गेली. पुस्तकात कारणांची रांग होती, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी 'क्वचित प्रसंगी' असं एक वाक्य. डॉक्टरही म्हणाले होते — बहुधा बरा होईल. बहुधा. आणि नदीपलीकडचा तो माणूस 'बहुधा' म्हणत नव्हता.

रविवारी सकाळी आई देवळात गेली. मी तिचा झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घेतला, त्यात दही घातलं आणि दिनेशला म्हटलं, चल.

तो स्कूटीवर मागे बसला. पूल ओलांडेपर्यंत त्याला कळलं होतं. तो हसायला लागला. "मॅडम, आईले सांगू काय? का प्रतिकूलवाले पयले आले म्हणून सांगू?" मी म्हटलं, गप्प बस. तो पुलावर तरी गप्प बसला नाही.

मला विश्वास होता का? नव्हता. विश्वास असता तर मी आईलाही घेऊन गेले असते. मी दोन्ही बाजूंची भाषणं लिहिणारी बाई — मला वाटलं, दोन्हीकडे पाय ठेवला की बुडायची भीती नाही. आणि आईला कळू द्यायचं नव्हतं, कारण आदल्या दुपारी मी तिला हरवलं होतं.

म्हातारा वाईट नव्हता. त्यानं दिनेशचे डोळे उजेडात धरून पाहिले, पाठीवर हात ठेवला. मुळी उगाळली, आमच्याच डब्यातल्या दह्यात कालवली आणि पाजली. मग दोन गोष्टी सांगितल्या. एक — पुढच्या रविवारी दुसऱ्यांदा घ्यायला या, तोवर दवाखान्याच्या गोळ्या बंद. दुसरी — "औषध घेतलं म्हणून कोनाले सांगाचं नाही, बाई. सांगतलं तं गुण जाते."

परत येताना दिनेशनं विचारलं, गोळ्यांचं काय करू? मी विज्ञानाची शिक्षिका. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबू.

रक्त तपासायलाही नेलं नाही. त्यात आकडे वाढलेले दिसले तर मला ठरवावं लागलं असतं. आईला वाटलं तपासणी झाली. मी तिला तसं वाटू दिलं. डबा घासून जागेवर ठेवला.

दोन दिवस त्याला बरं वाटलं. मंगळवारी त्यानं पोहे मागून घेतले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले — सुटले म्हणून. बुधवारी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते. विसरले होते असं मी म्हणणार नाही. गुरुवारी मी शाळेत जाऊन शिकवलं. शुक्रवारी सकाळी तो आईला ताई म्हणाला, आणि सदरा उलटा घालून दुकानाला निघाला. शेजारच्या काकांच्या गाडीतून आम्ही त्याला भंडाऱ्याला नेलं. वाटेतलं अड्याळ गाव येईपर्यंत आई त्याच्याशी बोलत होती. पुढे तो ओ देईनासा झाला.

आता तो प्रश्न.

डॉक्टर तरुण बाई होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी दिनेशला तपासलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, झाडपाला, मुळी, गावठी औषध, असं काही दिलंय का? "मी रागवायला विचारत नाहीये," त्या म्हणाल्या. "पुढचं त्यावर ठरतं. खरं सांगा."

आईच आधी बोलली, माझ्याकडे बोट दाखवत. "मी म्हणतच होती, डॉक्टरीन बाई. पर हे देऊ देईन तवा ना. हे शिकेल हाये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. म्हणाल्या, "बरं केलंत, ताई. असं एक तरी माणूस घरात लागतं."

मी मान हलवली.

एवढंच. यापलीकडे काही नाही. तोंडातून शब्दही काढावा लागला नाही. आईनं माझ्या वतीनं खोटं सांगितलं होतं, आणि तिला ते खरं वाटत होतं. मी फक्त मान हलवली.

नंतरही वेळ होता. ते मला लपवायचं नाही. त्या डॉक्टर दुपारभर समोरून जात-येत होत्या. एकदा मी बाकावरून उठले. त्या थांबल्या. काही सांगायचंय का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं. आई बाजूलाच होती. मी म्हटलं — त्याला पाणी दिलं तर चालेल का?

संध्याकाळी दिनेश थोडा शुद्धीवर आला. आई चहा घ्यायला खाली गेली होती. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, आपण डॉक्टरांना सांगू या का? बघा — त्याला विचारलं. ज्याला धड डोळे उघडता येत नव्हते, त्याच्यावर मी ते टाकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते, तरी हसला.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "सांगतलं तं गुण जाते."

माझ्याशी तो शेवटचं बोलला ते हे. तो थट्टा करत होता का? का माझी लाज राखत होता? का त्याला खरंच वाटत होतं की रविवार येईल, दुसरा घोट मिळेल आणि गुण येईल? या तिन्हींतलं कोणतं सोपं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

मुळीनं अपाय केला का, मला माहीत नाही. गोळ्या चालू असत्या, बुधवारीच नेलं असतं, डॉक्टरांना कळलं असतं, तर तो वाचला असता का — माहीत नाही. नंतर मी पुष्कळ वाचलं. पुस्तकं अजूनही 'बहुधा'च म्हणतात. माझ्या कबुलीला त्यानं फरक पडत नाही. मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही.

यानंतर जे झालं ते अधिक वाईट आहे, आणि ते अनेक वर्षं चाललं.

आईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली — दवाखान्यानं पोराला खाल्लं, मुळी मिळाली असती तर तो जगला असता. ती मला बोल लावत नसे. स्वतःलाच लावायची. मी ऐकायला नको होतं, पोराला रिक्षात घालून मीच न्यायला हवं होतं, असं भाजी निवडता निवडता, कोणाला उद्देशून नाही, म्हणत राहायची. मोहल्ल्यात कोणाचे डोळे पिवळे झाले की ती आपणहून त्यांच्या घरी जायची. "मी चुकली, तुमी नोका चुकू," म्हणायची. पोर गेलेल्या आईचं कोण ऐकणार नाही? लोक नदीपलीकडे जात. त्यातले बहुतेक बरे झाले. कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, हे मी वर्गात शिकवते. जे बरे झाले नाहीत, त्यांची मी चौकशी केली नाही.

माझं एक वाक्य पुरलं असतं — आई, त्याला मुळी दिली होती. तुझ्या म्हाताऱ्याच्या हातची, तुझ्याच डब्यातून. तू चुकली नाहीस. एवढ्या वाक्यानं तिचं ओझं उतरलं असतं आणि ती घरोघरी गेली नसती. पण मग त्या शनिवारच्या दुपारचं काय झालं असतं? काकूंच्या हसण्याचं? डॉक्टरांच्या 'बरं केलंत'चं? मी गप्प बसले ते याच्यासाठी. दुसरं मोठं कारण नव्हतं.

त्या डब्यात आई रोज दही लावायची. रोज जेवताना माझ्या ताटात वाढायची. मी खायची.

मागच्या वर्षी थंडीत एका दुपारी ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी शेजारी वह्या तपासत होते. हात न थांबवता ती म्हणाली, "सुषमा, तुह्यावर माहा राग नाही बरं. तू शिकली, तुले जे खरं वाटलं ते तू केलं. मीच जोर लावाले पायजे होता."

किती वर्षं तिनं हे मनात घोळवलं असेल? तिनं मला माफ केलं — जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. आणि स्वतःला दोषी धरलं, जे तिनं केलं नव्हतं त्याबद्दल. मी काय म्हटलं असेन?

मी म्हटलं, ऊन गेलं, आत चल.

होळीच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत नीट बोलत होती, म्हणजे ऐकूही शकत होती.

या वर्षी स्पर्धेला पुन्हा तोच विषय आला आहे. दोन्ही भाषणं मी लिहून दिली. झाडपाल्याच्या बाजूचं भाषण यंदा चांगलं झालंय, असं मुलं म्हणतात. त्यात सगळे शब्द आईचे आहेत.

भिंतीवर दोन फोटो आहेत. डबा मांडणीवर आहे, रिकामा. घरात मी आहे.