अण्णांची पट्टी आणि बसप्पाचा टेप

मी गणिताचा मास्तर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते खासबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या दारात आजही बघायला मिळतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर साखर आली, मग किडन्या गेल्या आणि शेवटी पायांतली ताकदही गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागे. पुढच्या दाराला तीन उंच पायऱ्या. त्यामुळे चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून रिक्षापर्यंत न्यायचं. एका शुक्रवारी त्या खुर्चीचा पाय मोडला. घरी आल्यावर अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं.

"चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. आता तवाच उचला. मंगळवारी मी येणार न्हाय."

डायलिसिस चुकलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी घाबरलो होतो. घाबरलो की मला सगळ्यांचा संशय येतो (एरवी फक्त निम्म्यांचा येतो).

दुपारीच गल्ली दारात जमली. कुणीतरी आपल्या सासऱ्यांची चाकाची खुर्ची आणून दिली. सासरे गेले, खुर्ची चांगली होती. पुढं होता आमचा शेजारी बसप्पा, जुना वेल्डर.

"मागल्या दारानं काढू मास्तर," बसप्पा म्हणाला. "दार रुंद करून लोखंडी चौकट बसवतो. बोळातनं रॅम्प करतो. पैसं, दुड्डू-गिड्डू काय नको."

बोळातनं! तिथंच माझे कान टवकारले. आमच्या आणि बसप्पाच्या घरामधला तो बोळ नेमका कुणाचा, यावर दोन्ही घरांत एक पिढी भांडून झाली होती. आता त्यात बसप्पाचं सिमेंट पडणार, आणि तेही फुकट!

मग मला सगळीकडंच काळंबेरं दिसू लागलं. कोपऱ्यावरच्या बांधकामावरून वाळू आली. (यांना टाकायला जागा नसेल.) गणेश मंडळानं विटा दिल्या. (वर्गणीच्या वेळी कळेलच.) दत्तोबा गवंडी नातवाचं बारसं सोडून आला. (बारसं कुणी सोडतं का?) मी बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो.

"अहो, लोक मदत करायलेत," माझी बायको सुनंदा म्हणाली. "तुम्ही चोर धरायला बसल्यासारखं काय बसलाय?"

"नीट बघ जरा. त्याचा टेप बघ."

बसप्पाचा टेप दोनपासून सुरू होत होता. त्याच्या आधीचं काही नव्हतंच!

"पैलं दोन इंच तुटल्यात," बसप्पा शांतपणे म्हणाला. "मोजून झालं की दोन वजा करायचं. पंधरा वर्षं तसंच करतोय. आन् दाराला तीन इंच मोकळं ठेवू मास्तर. असू दे."

तीन इंच मोकळं म्हणजे दार रुंद. दार रुंद म्हणजे रॅम्प रुंद. रॅम्प रुंद म्हणजे अख्खा बोळ सिमेंटखाली! मी उठून उभा राहिलो आणि वर्गात वापरतो तो आवाज लावला.

"माप मी देणार. हा टेप माझ्या घरात चालणार नाही."

"हौद्री, तुमी म्हणाल तसं," बसप्पा म्हणाला आणि टेप खिशात टाकला.

अण्णांचा डोळा लागल्यावर मी त्यांच्या खाटेखालची पेटी ओढली. त्या पेटीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली त्यांची पोलादी पट्टी होती. एकही आकडा पुसलेला नाही, एकही कोपरा झिजलेला नाही. या पट्टीवर अण्णांनी आयुष्य काढलं होतं, आणखी काय खात्री हवी? चाकाची खुर्ची उघडून मी तीनदा मोजली. पावणेपंचवीस इंच. दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं, म्हणजे मिळून पाव इंच. एकूण पंचवीस.

कागदावर लिहून, खाली सही करून मी तो बसप्पाला दिला.

"पंचवीस लई तंग होईल मास्तर."

"सूतभर जास्त चालणार नाही."

शनिवारी चौकट बसली, रॅम्प झाला. सिमेंट ओलं म्हणून सोमवारपर्यंत कुणी त्या दाराकडं फिरकायचं नाही, असं दत्तोबानं बजावलं. इकडं सुनंदानं अण्णांना कसंबसं तयार केलं. "कुणी उचलणार न्हाय ना?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मंगळवारी सकाळी साडेनऊचा नंबर होता. नऊ वाजता अख्खी गल्ली बोळात. बायकांनी रॅम्पला हळदकुंकू वाहिलं. अण्णा दाढी करून, टोपी घालून खुर्चीत बसले. मी मागून जोर लावला आणि खुर्ची खाडकन चौकटीत बसली. बसली ती बसलीच! पुढं जाईना, मागं येईना. अण्णांचे पाय बोळात, पाठ स्वयंपाकघरात. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

"बसप्पा," मी ओरडलो, "मुद्दाम कमी केलंत ना? तुमच्या तुटक्या टेपनं?"

बसप्पानं टेप लावला, मनात दोन वजा केले. "पंचवीस हाय."

"थांबा. पुरावाच आणतो." मी आत पळालो आणि सगळ्यांसमोर पट्टी उंच धरली.

अण्णांनी मान वळवून पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सुऱ्या, ही कुठनं काढलीस?"

"पेटीतनं."

"आन् लावलीस कशाला?"

"खुर्चीला."

अण्णांचे खांदे हलू लागले, डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टरांना फोन करा," मी म्हणालो. तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, हसायलेत ते."

कितीतरी महिन्यांनी अण्णा हसत होते.

"आरं, ही श्रिंकेजची पट्टी," ते दम खात म्हणाले. "तापल्यालं लोखंड गार झालं की आटतं. म्हणून लाकडाचं पॅटर्न जरा मोठं करायचं. हिच्यावरचा इंचच मोठा असतोय रं. फुटाला एक सूत. दोन फुटाला दोन सूत गेलं तुझं."

म्हणजे मी मोकळे सोडलेले दोन सूत बरोबर त्या पट्टीनं खाल्ले होते. गल्लीतला सगळ्यात खरा टेप तो तुटका टेप होता, आणि सगळ्यात खोटी पट्टी माझ्या हातात होती.

"तूबी जरा गार हो," अण्णा म्हणाले. "मग तुझं माप बरोबर येईल."

सुनंदानं चाकांवर शेंगतेल ओतलं, आम्ही खुर्ची मागं ओढली. मग सूत्रं अण्णांनी हातात घेतली. "बसप्पा, हातानं फिरवायच्या भायल्या कड्या हाईत न्हवं चाकाला, त्या काढ. दोनी बाजूचा इंच-इंच सुटंल." बसप्पानं दहा मिनिटांत कड्या काढल्या. खुर्ची अलगद दारातून बाहेर पडली आणि अण्णा, कुणीही न उचलता, स्वतःच्या घरातून बाहेर आले. त्यांनी टोपी सारखी केली. मला तिथंच रडू आलं.

रॅम्पवरून उतरताना माझ्या लक्षात आलं की बसप्पाच्या भिंतीला टेकलेला त्याचा धुण्याचा दगड जागेवर नव्हता. रॅम्प त्याच जागेवरून गेला होता. चार दिवस डोळ्यांत तेल घालून राखण केली आणि एवढा मोठा दगड गेलेला मला दिसला नाही.

"दगड काढलात?" मी विचारलं.

"मग? अण्णा घरातच ऱ्हायलं तर दगड घेऊन काय करू?" बसप्पा म्हणाला. मला मनापासून लाज वाटली आणि मी तसं त्याला सांगितलं.

आता मंगळवार-शुक्रवार चुकत नाही. कड्या काढल्यामुळं अण्णांना खुर्ची स्वतः फिरवता येत नाही, त्यामुळे ढकलायला मीच. वाटेत भेटेल त्याला ते सांगतात, "पोरगा गणिताचा मास्तर हाय. मापाला लई पक्का."

गेल्या महिन्यात बसप्पानं नवा टेप घेतला आणि जुना मला दिला. "ठेवा मास्तर, खरा हाय," म्हणाला. मी तो घरी आणला आणि आधी दार लावून, खरंच दोनच इंच तुटलेत का, ते मोजून बघितलं.

कशानं मोजलं, ते मात्र अण्णांना सांगू नका.