आम्ही हत्यारं मागितली तेव्हा

सोयगावच्या स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली तेव्हा दादांनी माझी पत्र्याची ट्रंक स्वतः टपावर चढवली, दोरीनं आवळून बांधली आणि खाली उतरून कंडक्टरला तिसऱ्यांदा सांगितलं, "पोरगी एकटी हाय, ध्यान ठिवा." कंडक्टर वैतागला. "व्हय हो मिस्त्री, कळलं," म्हणाला. आमचे दादा म्हणजे वडील, गावचे सुतार. मी सतरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि शहरातल्या एका तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला नाव लागलेली. पोरीनं विजेच्या तारांत हात घालायचा हे आईला अजिबात पटलं नव्हतं. आठ दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि स्टँडवरही ती आली नाही. गाडी हलली तसे दादा खिडकीशी आले. "नाव पेपरात आलं पायजे," म्हणाले. त्यांच्या डोक्यात परीक्षेचा निकाल होता. पुढे आम्ही दोघंही पेपरात आलो, पण निकालाच्या पानावर नाही.

दिनू, तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. गाडीच्या मागच्या शिडीला लोंबकळलास म्हणून दादांचा फटका खाल्लास, तेवढंच तुला आठवत असेल. बाकीचं तुला कुणी धड सांगितलेलं नाही. आणि नसीम, तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. म्हणून हे तुम्हा दोघांना लिहिते आहे. एक भाऊ गावातच राहिला, एक मैत्रीण माझ्याही पुढे, हैदराबादला गेली.

आमच्या गाडीच्या रस्त्यानं शहरात शिरताना आधी हर्सूल लागतं. तिथला तुरुंग आमच्याकडे इतका प्रसिद्ध की वाया गेलेल्या पोराला लोक नुसतं "हर्सूलला जाशील" एवढंच म्हणायचे. ती लांबलचक भिंत खिडकीतून मागे पडेपर्यंत मी श्वास धरून बसले होते. मग शहर आलं, आणि पहिले दोन महिने मी रोज रडले. खोलीची मालकीण म्हणायची की एवढं रडतेस तर आलीस कशाला. हे मला उगाच झोंबायचं, म्हणून मी राहिले. माझ्या आयुष्यातले निम्मे निर्णय मी कुणाला तरी तोंडघशी पाडायचं म्हणून घेतलेले आहेत.

आमच्या वर्गात मुली दोनच, मी आणि नसीम. तिचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुकानात बसलेले असायचे. मुलीनं हाताचं काम शिकावं ही हौस त्यांचीच, आणि त्यासाठी त्यांनी मोहल्ल्यातल्या चार लोकांची बोलणी खाल्ली होती. ती आणि मी एका बाकावर बसायचो. ती माझ्या "नाय" आणि "व्हय"ची नक्कल करायची, मी तिच्या "नक्को"ची.

तंत्रशाळेत शिकवायला मास्तर होते, फळा होता, पण हातात धरायला काही नव्हतं. म्हणजे होतं. पकडी, टेस्टर, पेचकस, ड्रिल, सगळं नवंकोरं, एका काचेच्या कपाटात कुलूपबंद. तपासणीला साहेब आले की कपाट पुसायचं आणि दाखवायचं. आम्ही बाहेरून बघून वहीत चित्रं काढायची. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आणि पोरांचं डोकं फिरलं. अर्ज दिले, ते फाइलला लागले. मग ठरलं की क्रांती चौकापर्यंत चालत जायचं आणि तिथे बसायचं.

पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर माझं चांगलं, आणि त्याचा मला माजही होता. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: हत्यारं द्या. आमच्या घरात वाकस, रंधा, पटाशी, करवत, या सगळ्यांना मिळून हत्यारं हा एकच शब्द होता. दसऱ्याला आई त्यांनाच हळदकुंकू वाहायची. नसीमनं पाटी वाचली आणि म्हणाली, "औजार लिख ना गे. हत्यार पढको लोगां डरते." मी म्हणाले, आमच्यात हत्यारंच म्हणतात. ती म्हणाली, "तुम्हारे में बोलते होंगे, पेपरवाले तुम्हारे गाँव के हैं क्या?" मी ऐकलं नाही. दादांचा शब्द बदलून तिच्या अब्बांचा शब्द का लिहायचा, असं काहीतरी माझ्या टाळक्यात होतं. खरं सांगायचं तर रंग वाळला होता आणि मला पुन्हा लिहायचा कंटाळा आला होता.

चौकात काहीही घडलं नाही. आम्ही बसलो, घोषणा दिल्या, शेंगा खाल्ल्या. एका स्कूटरवाल्याशी पोरांची थोडी बाचाबाची झाली, तीही मिटली. एक फोटोवाला आला. आम्ही निमूट बसलेलो होतो. तो मला म्हणाला, "ताई, पाटी वर धरा, तोंड उघडा, घोषणा द्या ना." मी उघडलं. नसीम शेजारीच होती, ओढणी सावरत.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर होता. माझं तोंड आ वासलेलं, कपाळाला आठ्या, डोक्यावर पाटी. वर मथळा होता की विद्यार्थ्यांनी हत्यारांची उघड मागणी केली. काचेचं कपाट, परीक्षा, पकडी, यांतलं एक अक्षर बातमीत नव्हतं. मी फोटोत इतकी भयंकर दिसत होते की मलाच माझी भीती वाटली.

मग रोज काहीतरी यायला लागलं. पहिल्या दिवशी आम्ही 'विद्यार्थी' होतो. दुसऱ्या दिवशी 'तरुण' झालो, तिसऱ्या दिवशी 'टोळके', आणि चौथ्या दिवशी 'समाजकंटक'. मधेच एक चौकट आली: या मुलींच्या मागे कोणाचा हात आहे? चिंतातुर नागरिकांची पत्रं आली. त्यांतल्या एकानंही आम्हाला पाहिलेलं नव्हतं. आमच्या रस्त्यावरची दुकानं संध्याकाळी लवकर बंद व्हायला लागली. मालकिणीनं मला खोली सोडायला सांगितलं, आणि सांगताना ती माझ्या हातांकडे बघत होती. एकाही बातमीत धडधडीत खोटं वाक्य सापडलं नसतं. हत्यारं हा शब्द पाटीवर होताच, बाचाबाचीही झालीच होती.

सोयगावला पेपर दुपारच्या गाडीनं यायचा. शाळेतले एक गुरुजी तो दादांच्या कामाच्या जागी मोठ्यानं वाचून दाखवायचे. दिनू, तू तिथेच भुशात खेळत असशील. दादांनी फोटो ओळखला. बाकी कुणी ओळखू नये म्हणून त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली घेतला.

दादांची भीती नुसत्या अब्रूची नव्हती. हैदराबाद संस्थानात फौजा शिरल्या त्या पोलिस ॲक्शनला तेव्हा पस्तीसेक वर्षं होत आली होती, पण ते दिवस त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले. त्याआधीच्या लुटालुटीला भिऊन आजोबा बिऱ्हाड उचलून खानदेशात पळाले, आणि नंतर परत आले तर घरोघर झडत्या चालू. घरात हत्यार सापडलं की माणूस गेला, एवढंच लोकांना कळत होतं. आजोबांनी वाकस-पटाश्या फडक्यात गुंडाळून विहिरीत सोडल्या आणि महिनाभर हात बांधून बसले. लोखंडाला चढलेला गंज घासून काढायला दादाच होते. त्यामुळे तो शब्द कामावर दिवसातून दहा वेळा उच्चारणारा माणूस तोच शब्द छापलेला बघून घाबरला, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी ते मला परत न्यायला निघाले. कामावरूनच उठले आणि थेट गाडीत बसले. पिशवी खांद्यालाच होती, कारण सुतार आपली पिशवी दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून जात नाही.

औरंगाबादच्या बसस्थानकावर त्या दिवसांत पोलिस सामान बघत होते. दादांना अडवलं.

"पिशवीत काय हाय?"

"हत्यारं."

"कुठं चाललात?"

"पोरीकडं."

"कोण पोरगी?"

भोळा माणूस. त्यांनी मांडीखालचा तो पेपर आणला होता, तो उघडून फोटोवर बोट ठेवलं.

तंत्रशाळेच्या शिपायानं मला सांगितलं की तुझ्या वडिलांना चौकीत बसवलंय. नसीमनं वही मिटली आणि म्हणाली, "चल." मी म्हणाले, तू नको येऊस. ती ओढणी डोक्यावर घेऊन पुढे निघालीसुद्धा. आम्ही दोघी भर दुपारी चालत चौकीत गेलो. दादा बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसले होते. टेबलावर त्यांची सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली होती आणि एक शिपाई त्यांची यादी करत होता. त्यांनी माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. दादांना असं मान खाली घालून बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते.

पाटी मी लिहिली, एवढंच मी कसंबसं बोलले. मग नसीम बोलली. कपाट, कुलूप, परीक्षा, सगळं तिनं फौजदारांना सावकाश सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी एक पटाशी उचलली, अंगठ्यानं धार पाहिली आणि शिपायाला म्हणाले, "पंचनामा फाड. आमच्या चुलत्याकडं पण हत्यारंच म्हणत्यात याला." कोपऱ्यात एक बातमीदार बसला होता. तो आम्हा दोघींची नावं विचारत होता. आम्ही ती सांगितली नाहीत.

दादा रात्री धर्मशाळेत राहिले. सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी पेपर उघडला आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचायला लागले. शहराबाहेरून आलेला एक इसम घातक हत्यारांसह ताब्यात. दोन तरुणींची चौकीवर धाव. सोडून दिल्याचं कुठेच नव्हतं. त्यांनी ते तीनदा वाचलं.

"ह्यो मी नाय," ते म्हणाले.

चहा निवला. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच. "तू काय मागत व्हतीस गं?"

मी सांगितलं, पक्कड. तारा कापायची पक्कड.

"पक्कड," दादा म्हणाले. पेपर त्यांनी टपरीवरच सोडला. मला न्यायला आलेला माणूस दुपारच्या गाडीनं एकटा परत गेला. जाताना म्हणाले की आईला मी सांगतो, तू शिक. महिनाभरानं कपाट उघडलं. मी पास झाले.

नसीम मात्र त्या दिवसानंतर वर्गात आली नाही. मी घरी गेले तर अब्बा दारात आले. मला आत बोलावलं नाही, पण बोलले मायेनंच. "बेटी, तुम पे गुस्सा नहीं है. लेकिन दो लड़कियाँ चौकी गईं, ये छप गया ना. अब लोगां मेरेकू पूछते, दूसरी कौन थी." आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी दारातून परत फिरले. पाटी माझी, वडील माझे, आणि शिक्षण सुटलं तिचं. वर्षभरात तिचं लग्न झालं. नंतर आपण एकदा भेटलो नसीम, तुझ्या भावाच्या घरी, आणि मुलाबाळांचं बोलत बसलो. हा विषय मी काढला नाही. मला लाज वाटत होती, आणि अजून वाटते.

मी याच शहरात राहिले. वीज खात्यात नोकरी केली, खांबांवर चढले, पुढे हाताखाली माणसं आली. शहराचं नाव बदललं, माझ्या जुन्या कागदांवर एक आणि नव्या कागदांवर दुसरं आहे. दिनूची मुलगी पल्लवी दोन वर्षांपासून परीक्षेच्या अभ्यासासाठी माझ्याकडे असते.

परवा सकाळी मी मोबाइलवर बातमी बघत होते. क्रांती चौकात पोरं बसलेली, वर मथळा 'हुल्लडबाज', खाली लोकांच्या शिव्या. कोणी म्हणतं नशा करतात, कोणी म्हणतं बाहेरून आणलेली आहेत. मी चहाचा घोट घेऊन मोठ्यानं म्हणाले, काय ही पोरं, आईबापांनी यांना पाठवलं तरी कशाला. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आत्या, त्या फोटोत डावीकडून तिसरी मी आहे," ती म्हणाली. मी. जिनं हे सगळं भोगलं होतं, तिनं मथळा वाचला आणि चार सेकंदांत विश्वास ठेवला. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

काल दिनू, तुझा फोन आला. "पेपरात आलंय ताई. रविवारी येतो, तिचं सामान भरून ठिव." मी तुझ्यावर ओरडले आणि फोन ठेवला, ते चुकलंच. पण सामान मी भरलेलं नाही. तू ये. जेव. मग तिच्यासमोर बस आणि तिलाच विचार. ती काय सांगेल मला माहीत नाही, कदाचित तुला पटणारही नाही. दादांनी टपरीवर मला विचारलं तोवरचे पाच दिवस सोयगाव माझं घर नव्हतं, नुसतं एक गाव होतं जिथे पेपर पोचत होता. त्यांनी विचारलं आणि ते पुन्हा घर झालं. पुढे आयुष्यभर मी बाहेर राहिले तरी ते तसंच राहिलं. तुझ्या पोरीचंही तसंच व्हावं एवढंच मला हवं आहे.

आणि नसीम, तुला तर तेव्हा कुणीच विचारलं नाही. अब्बांनी नाही, मोहल्ल्यानं नाही, पेपरनं तर नाहीच. चाळीस वर्षं झाली, मीही विचारलं नाही. तू माझ्याबरोबर त्या चौकात बसली होतीस, तेव्हा तुला काय हवं होतं गं?