यादीत नसलेलं उत्तर

"काट मारू नका हो, आधी पोरगा कुठे घसरलाय ते बघा." बाई हे मान वर न करता म्हणायच्या आणि पेनाचं टोपण दातांत धरून पुढचा पेपर ओढायच्या.

कर्वेनगरच्या आमच्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायचो. त्या फक्त पेपर तपासायच्या. एक गणित दर वर्षी यायचं. सत्तावीस अंश सेल्सिअसचा तीन लिटर वायू, दाब तोच ठेवून, चोपन्न अंशांपर्यंत तापवला. आता किती लिटर? आकडा दुप्पट दिसला की निम्मी पोरं सहा लिटर लिहून मोकळी. दोन्ही तापमानांत आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे असतात, हे विसरायची. खरं उत्तर सव्वातीनच्या जरा वर. मी सरळ शून्य द्यायचो. बाई समासात बारीक अक्षरात '२७३?' लिहून तीनपैकी दोन मार्क देत.

"एवढी दया?" मी विचारायचो.

"दया कसली? दोन पायऱ्या बरोबर आहेत. त्यांचे मार्क त्या पोराचेच आहेत."

मग हिंजवडीला कंपन्या आल्या, घरोघरी इंजिनिअर हवा झाला आणि परीक्षा चार पर्यायांच्या झाल्या. पेपर यंत्र तपासू लागलं. क्लासचे संचालक बाईंना म्हणाले, "मुलं कुठे चुकतात ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आता बरोबर उत्तराशेजारचे तीन चुकीचे पर्याय तुम्हीच तयार करा." बाईंची नोकरी टिकली म्हणून मला बरं वाटलं. बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

त्यांच्या पर्यायांत सहा लिटर कधीच नसे. संचालकांनी जाब विचारला.

"सहा दिसलं की पोरगं खूण करून पुढे जाणार," बाई म्हणाल्या. "नाही दिसलं तर थांबेल, मागे जाऊन बघेल."

"अहो बाई, खऱ्या परीक्षेत सहा असणारच."

"असू दे. थांबायची सवय इथे लागली, तर तिथेही थांबेल."

संचालक माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला काय वाटतं?" बाईंचं म्हणणं मला पटलं होतं. पण सकाळपासून चार बॅचेस घेऊन मी पार थकलो होतो. "बघा बुवा, तुम्ही ठरवाल तसं," म्हणालो. पुढच्या महिन्यापासून बाई आल्या नाहीत. काम माझ्याकडे आलं.

आता इतकी वर्षं पर्याय मीच काढतो. पहिला लिहितो तो सहा लिटर. त्यात डोकं चालवावं लागत नाही.

परवा एक मुलगी आली. "सर, माझं नेमकं कुठे चुकलं?" मी कागद मागितला. काळ्या केलेल्या गोलांचा कागद होता तो. लाल पेन उघडून मी समास शोधला. कागदाला समास नव्हता.