ताकवालीचा धोंडा

"उरलेलें उद्या," म्हणून अक्का दाराची कडी लावून घ्यायच्या. मी बाहेर, आणि गोष्ट अर्धवट! असा संताप यायचा म्हणून सांगू.

तिकडे दक्षिणेत, वेलचेरीत, त्या आमच्या समोरच्या दारात राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, एकट्या. मी साताऱ्याची. सिरुसेरीच्या ऑफिसातून अर्धमेली होऊन जिना चढले, की त्यांचं दार उघडायचंच.

"ये गे, मोर पिऊन जा."

मोर म्हणजे ताक, आलं-कढीपत्ता घातलेलं. ताकाबरोबर तंजावरचं मोठं देऊळ यायचंच यायचं.

"चोळ राजा देऊळ बांधी, तेव्हां एक म्हातारी पाथरवटांस फुकट ताक पाजी. तिला वाटलें, देवाकडे आपलेंही कांही असावें. दारचा धोंडा दिला तिणें. तो शिखरावर चढविला. मग राजाच्या स्वप्नांत देव आला..."

इथे कडी.

"अहो अक्का, देव म्हणाला तरी काय?"

"उद्या ये, सांगत्यें."

दुसऱ्या दिवशी भलत्याच राजाची गोष्ट निघायची. देव आपला स्वप्नात ताटकळत! मोबाइलवर शोधलं असतं तर लगेच कळलं असतं. पण नाही शोधलं. त्या शहरात माझं तरी दुसरं कोण होतं? तो 'उद्या' मलाही हवा होता.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हाक मारली. ताकात आलं घालायला विसरल्या होत्या.

"देव म्हणाला, त्या म्हातारीच्या धोंड्याच्या सावलींत मी सुखी आहें. राजा चकित! येवढें देऊळ मी बांधिलें, नि ही कोण? शोधीत शोधीत तिच्या दारी गेला. हात धरून तिला देवळांत नेलें. झालें."

"सुटले बाई एकदाची!" मी म्हणाले.

अक्का हसल्या. 'उद्या' म्हणाल्या नाहीत. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही हो.

त्या परत आल्याच नाहीत.

त्यांचा मुलगा परदेशातून आला. घर आवरून माझ्या दाराशी उभा राहिला आणि अडखळत मराठीत म्हणाला, "ती ताकवालीची गोष्ट... फोनवर विचारलं की अम्मा म्हणे, उरलेली तूं आल्यावर. तुम्हांला सांगितली काय?"

मला धाडकन दार लावून 'उद्या ये' म्हणावंसं वाटलं. पण खाली टॅक्सी उभी होती. सांगितली. स्वप्न, सावली, राजा म्हातारीच्या दारी गेला तिथवर आले आणि मुलगा भिंतीला टेकून रडायला लागला.

"मग?" त्याने विचारलं.

"मग हात धरून तिला देवळात नेलं. संपली."

त्याने डोळे पुसले, अक्कांच्या घराची किल्ली, तुमच्याकडेच असूं दे म्हणून, माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेला.