तिसरा थेंब

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. रायपुरात लिफ्ट बसवायचं काम करतो, सतरा वर्षं झाली. "दरवाजा आपोआप उघडतो, सहाव्या मजल्यावर काहीतरी आहे" असे फोन मला महिन्यातून एकदा तरी येतातच. मी जातो, सेन्सरवरचं कोळ्याचं जाळं पुसतो, भूत निघून जातं. त्यामुळे इथे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण कोणाला तरी सांगायला हवं. घरी सांगायचं तर आधी मी काय केलं तेही सांगावं लागेल, आणि तेवढी हिंमत अजून नाही.

बबनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी, अर्धं आयुष्य दल्लीराजहराच्या लाईनवर, रिटायर झाल्यावर रायपुरातच गुढियारीत दोन खोल्या. लग्न केलं नाही. मी आठवीत असताना बाबा गेले. तेव्हापासून माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालक' या शब्दापुढची सही काकांचीच. आता मी चौबे कॉलनीत राहतो. तिथून गुढियारी काही लांब नाही, तरी माझं जाणं दसऱ्या-दिवाळीपुरतंच उरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका बिल्डरसोबत मी तेलीबांध्याच्या पुढे एका भारी कॉकटेल बारमध्ये गेलो होतो. तिथल्या मेनूत चक्क मोहाचं कॉकटेल होतं — उंच नाजूक ग्लास, वर एक सुकं फूल. ही गंमत काकांना फोनवर सांगितली तर ते एकदम खुलले.

"मोहाची? अन् साहेब लोकं पिऊन राहिले? मले ने ना एकदा, पोट्ट्या."

नेलं. रविवारी, संध्याकाळी साडेपाचला, बार उघडल्या उघडल्या. काकांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता, पण पायात रबरी चपला आणि हातात कापडी थैली. दारावरच्या माणसाने आधी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अख्खा बार रिकामा, आणि आम्हाला टेबल दिलं ते किचनच्या दाराशी. मेनू एकच आणला, तोही माझ्यापुढे ठेवला. खरं म्हणजे राग बारवाल्यांचा यायला हवा होता. मला आला काकांचा — एक दिवस बूट घातले असते तर काय झालं असतं यांना!

काकांच्या ते गावीही नव्हतं. ग्लास आला तसं त्यांनी त्यात अनामिका बुडवली आणि तीन थेंब खाली फरशीवर शिंपडले. दल्लीराजहराला लाईनवरच्या गँगमननी शिकवलेली रीत ही. पिण्याआधी पहिला थेंब भुईला. बाकीचे दोन काकांनी स्वतःच वाढवलेले.

"एक भुईले," ते मोठ्याने म्हणाले. "एक तुह्या बापाले. अन् एक... ज्याले कोणी बोलावलं नाही, त्याले. त्याले बी तहान लागतेच ना रे."

काळी चकचकीत फरशी, तिच्यावर तीन थेंब. मॅनेजर लगेच आला. आणि नेमका तोच बिल्डर बायको-मुलांसोबत आत येऊन दोन टेबलं सोडून बसला होता. त्याच्या बारा मजली इमारतीचं काम मला मिळणार होतं. तो बघत होता.

"सर, ये आपके साथ हैं?" मॅनेजरने विचारलं. काकांना नाही, मला.

"हमारे यहाँ के पुराने आदमी हैं," मी म्हणालो. "मैं समझा देता हूँ."

पुराने आदमी. आपल्याकडे घरच्या जुन्या नोकराला असं म्हणतात, ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. काकांची सगळी नोकरी हिंदीत झालेली, त्यांना तर नाहीच नाही. त्यांनी ग्लास ओठाला न लावताच खाली ठेवला.

"तू बस निवांत. गजब थंडं करून ठेवलं ना यायनं. मी बाहेर थांबतो."

थैली उचलून ते गेले. त्यांच्या मागोमाग उठायला हवं होतं. मी उठलो आणि गेलो बिल्डरच्या टेबलाशी, दहा मिनिटं हसत बोलत उभा राहिलो. ही दहा मिनिटं मला आता विसरता येत नाहीत.

गाडीत काकाच बोलत होते, यंदा थंडी उशिरा पडली वगैरे. गुढियारीत उतरताना म्हणाले, "जेवून जातं का? पिठलं टाकतो." मी म्हणालो, काम आहे. पुढच्या रविवारी जाऊन पाय धरीन, असं मनाशी ठरवलं होतं. दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या आठवड्यात काका झोपेतच गेले.

तेरावं झालं. माफी मागायला जागाच उरली नव्हती. का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी त्या बारमध्ये गेलो आणि किचनजवळचंच टेबल मागितलं. वेटर चमकला. मी लिंबू सोडा सांगितला, दारू नको होती.

सोडा यायच्या आधी खाली लक्ष गेलं. समोरच्या खुर्चीच्या पायाशी फरशीवर तीन थेंब.

वेटरला सांगितलं. सॉरी सॉरी करत त्याने पुसले. मी धंद्याच्या सवयीने वर पाहिलं, मोबाईलचा टॉर्च मारला. एसीचं तोंड पार पलीकडच्या भिंतीला, डोक्यावर ना पाइप, ना ओल. टेबलावर अजून ग्लासही नव्हता. पुन्हा खाली पाहिलं... तीन थेंब. या वेळी दोन खुर्चीच्या पायाशी होते आणि तिसरा माझ्या बुटाजवळ.

मी वाकून त्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. मोहा. लहानपणी काकांच्या शर्टाला यायचा तोच वास.

न बोलावलेल्याचा थेंब. मला रडू आवरेना.

"सर, साफ़ कर दूँ?" वेटर फडकं घेऊन उभा होता.

"रहने दो," म्हणालो. निघताना त्याला मोहाच्या कॉकटेलचं विचारलं. "वो तो बंद हो गया सर, महीना होने आया."

पाइप, एसी, ग्लास, मनाचे खेळ — सगळं तपासून झालं. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

त्यानंतर चारदा जाऊन आलो. फरशी कोरडी असते. मग मीच सोड्यात बोट बुडवतो आणि तीन थेंब खाली टाकतो. मॅनेजर लांबून बघत असतो. त्याने जवळ यावं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून एकदाच विचारावं, "सर, ये आपके साथ हैं?" असं फार वाटतं. तो विचारत नाही.