दगडफुलाचा रंग

ज्या वर्षी उदगीरच्या बाजारात लोक ज्वारीसाठी रांगा लावत होते, त्या वर्षी सोनकांबळे बाई किराणा दुकानांतून दगडफूल गोळा करत हिंडत होत्या. काळ्या मसाल्यात घालतात ते करडं, पापुद्र्यासारखं दगडफूल. बहात्तरच्या त्या दुष्काळात मसाला कुटायची हौस कुणाला उरली होती? दुकानदार विचारायचे, "बाई, घरी लगीन काढलं का काय?" बाई म्हणायच्या, "हाव, लगीनच हाय." थट्टा करायची संधी त्या सहसा सोडत नसत.

शिवकन्या सोनकांबळे मूळच्या औशाकडच्या एका खेड्यातल्या. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या शाळेत जात होत्या. बी.एस्सी. होऊन त्या आमच्या लहानशा कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रयोग दाखवणाऱ्या, म्हणून लागल्या. जीवशास्त्राचे प्राध्यापक नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि वर्ग घ्यायचं कामही बाईंच्याच गळ्यात पडलं. एम.एस्सी. करायचं तर औरंगाबादला जाऊन राहायला हवं होतं, आणि इथं आई केवळाबाई आणि दोन धाकटे भाऊ त्यांच्या पगारावर होते. त्या कुरकुरल्या नाहीत. कुरकुरायचं काम आम्ही करत होतो.

आम्ही म्हणजे त्या वर्गातल्या पाच-सहा मुली. माझे वडील गुरुपादप्पा हे मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडते. त्यांचा हिशेब सरळ होता: "गावात हाय तेवढं शीक. नांदेडला-बिंदेडला मी धाडणार न्हाई." बाकीच्या मुलींच्या घरीही थोड्याफार फरकानं हेच. त्यामुळे दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा आमचं धाबंच दणाणलं. पौषात समिती येणार, प्रयोग नीट होतात का ते पाहणार, आणि नसतील होत तर विज्ञानाचा वर्ग बंद करणार. वर्ग बंद म्हणजे आमचं शिक्षण बंद. माझ्या घरी तर पत्र आल्याचं कळताच एक स्थळही येऊन गेलं.

समितीला दाखवायचा मुख्य प्रयोग होता पेशीविभाजनाचा. कांद्याच्या मुळाच्या टोकाला पेशी सारख्या दुभंगत असतात, एकीच्या दोन होतात, म्हणून मूळ वाढतं. पण पेशी असते काचेसारखी पारदर्शक. तिला रंग दिला तरच आतली गुणसूत्रं, ते बारीक धागे, मायक्रोस्कोपखाली दिसतात. त्यासाठीची तांबडी पूड एका छोट्या बाटलीत कपाटात असायची. असायची म्हणते, कारण ती आता नव्हती.

झालं होतं असं. दसऱ्याला बाई धम्मचक्र दिनासाठी गावी गेल्या होत्या. इकडे खंडेनवमीला आमच्या प्राचार्यांनी कॉलेजातल्या सगळ्या उपकरणांची पूजा मांडली. प्राचार्य इतिहासाचे, आणि उत्साह असा की विचारू नका. कुंकू संपलं तेव्हा त्यांनी कपाटातली ती बाटली काढली आणि तराजूला, नळ्यांना, दाराच्या चौकटींना, मायक्रोस्कोपला आणि शेवटी स्वतःच्या कपाळाला सढळ हातानं तांबडी पूड लावली. ती पूड निवडुंगावरच्या किड्यांपासून बनवतात. घरात कांदासुद्धा न शिरू देणारे आमचे प्राचार्य दिवसभर किड्यांचा टिळा लावून मिरवले. बाई परत आल्या, रिकामी बाटली पाहिली, भिंगावरची पूड रुमालानं पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "चला, मायक्रोस्कोपचं तरी कल्याण झालं." किड्यांचं त्यांनी प्राचार्यांना कधीच सांगितलं नाही. मी असते तर भर सभेत सांगितलं असतं.

पुण्याहून नवी बाटली मागवली, तिचा पत्ता नाही. मग आम्ही जे दिसेल ते वापरून पाहिलं. कुंकवानं सगळी पेशीच लाल झाली, शाईनं काही झालं नाही, आणि आळत्यानं फक्त माझं पातळ रंगलं. बाई मात्र पुस्तकं उलटीपालटी करत होत्या. एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांना सापडलं की परदेशात पेशी रंगवायचा एक जांभळा रंग दगडफुलाच्या जातीपासून काढतात, अमोनियात मुरवून. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, एवढं त्यांना ठाऊक होतंच. अमोनियाही त्यांनी गावातच शोधला. कल्हईवाल्याकडचा नवसागर आणि पानाचा चुना एकत्र घोटला की नाकाला झिणझिण्या आणणारा जो वास येतो, तोच अमोनिया.

बाईंच्या घरी बरण्या भरल्या. दगडफुलाची पूड, नवसागर, चुना आणि जेमतेम पाणी. गल्लीत वास असा सुटला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. केवळाबाई डोक्याला हात लावून सांगायच्या, "मसाल्याचं वाटोळं करून राह्यली ही पोरगी!" पहिल्या बरणीचा चिखल झाला, कारण झाकण घट्ट बांधलं होतं आणि त्या रंगाला हवा लागते. हे उमगल्यावर बाई सकाळ-संध्याकाळ बरणी उघडून ढवळायला लागल्या. कांद्यांची मुळं फुटायलाही पाणी हवं होतं, आणि कॉलेजातली टाकी कोरडी ठणठणीत. म्हणून आम्ही मुली घरच्या हंड्यातलं थोडं थोडं पाणी शाईच्या दौतीतून नेत होतो. आईनं मला पकडलं तेव्हा मी सरळ सांगितलं, कांद्याला तहान लागलीय. ती हसली आणि दौत भरून दिली.

पौष लागता लागता बरणीतलं पाणी जांभळं झालं. बाईंनी ते गाळलं, आटवलं, ॲसिटिक आम्लात उकळलं, पुन्हा गाळलं. मुळाचं टोक त्यात घालून दिव्यावर जरा कोमट केलं, काचेवर ठेवलं, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबलं. मग मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवून मला म्हणाल्या, "बघ गं." मी पाहिलं. एका पेशीत जांभळे धागे दोन टोकांकडे ओढले जाता जाता थबकलेले होते, आणि ते मला दिसत होतं, उदगीरात, किराणा दुकानातल्या वस्तूनं. मी ओरडलेच. बाई मात्र खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. एवढा आनंद मी नंतर माझ्या लग्नातही पाहिला नाही.

समिती जीपमधून आली. प्राचार्यांनी विकत आणलेल्या जुन्या स्लाइड पुढं केल्या. समितीचे प्रमुख म्हातारे आणि खट होते. "ह्या विकतच्या. मला ताजी करून दाखवा," म्हणाले आणि नेमकं माझ्याकडे बोट केलं. बाईंनी सकाळी कापून ठेवलेलं मूळ मी घेतलं. अंगठा बाईंनी शिकवला तसाच पडला. प्रमुख वाकले ते बराच वेळ वर येईनात. मग विचारलं, "रंग कुठून मागवला?"

"पुण्याहून," प्राचार्य म्हणाले.

"किराणा दुकानातून," मी म्हणाले.

सगळी हकीकत ऐकून म्हातारा पोट धरून हसला. मग गंभीर झाला. "ह्यांना शिकवतं कोण?"

प्राचार्यांनी बाईंना आधीच पढवून ठेवलं होतं की प्राध्यापक रजेवर आहेत असं सांगायचं. बाई पुढं आल्या. "मी शिकवते. माझं शिक्षण बी.एस्सी.पर्यंतच झालंय."

आठवड्याभरात हुकूम आला. प्रयोग उत्तम, वर्ग चालू ठेवावा. मात्र शिकवायला एम.एस्सी. झालेलेच प्राध्यापक नेमावेत. म्हणजे आमचा वर्ग राहिला आणि बाईंची शिकवायची खुर्ची गेली, त्या पुन्हा नुसत्या डेमॉन्स्ट्रेटर. मी रागानं लाल झाले. "खोटं बोलायला काय झालं होतं, बाई?"

"अन् पुढल्या साली पुन्ना समिती, पुन्ना धाकधूक? आता वर्ग पक्का झाला. तुजा बाप आता काय म्हन्तो ते बघ."

बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला तेव्हा वडिलांनीच माझी ट्रंक औरंगाबादच्या गाडीवर चढवली.

पुढची जवळपास दहा वर्षं त्या जागेवर प्राध्यापक यायचे, उदगीरचं पाणी बघायचे आणि बदली करून घ्यायचे. मधल्या काळात वेळापत्रकावर नाव दुसऱ्याचं आणि फळ्यापुढं सोनकांबळे बाई. वर्ग एकही दिवस बंद पडला नाही. किती पोरी त्यातून शिकून गेल्या, याचं श्रेय कुणी त्यांना दिलं नाही, आणि मला त्याचा अजून संताप येतो.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी ती जागा कायमची भरली गेली. मी एम.एस्सी. होऊन नांदेडच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होते. नेमणूक माझी झाली, बाईंच्या वरच्या जागेवर.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी दारात पाऊल टाकलं. खोली मुलींनी भरलेली होती. खिडकीशी मायक्रोस्कोप लावून बसलेल्या बाई मला पाहताच उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, स्लाइड तयार आहे."

जवळ जाऊन मी हळूच म्हणाले, "बाई, असं काय करता? मला उमा म्हणा की."

"घरी म्हन्ते. हितं न्हाई," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "ह्या पोरींना कळाया पायजे की ह्या खुर्चीवर आपल्यातलीच, ह्याच वर्गात शिकलेली पोरगी बसती."

आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या, "या, मॅडम. मुली थांबल्यात."